छाप, लेबल आणि आपलें ताट

शहरांत राहणारा मनुष्य आपल्या अन्नापैकीं फारच थोडें अन्न तयार होतांना पाहतो. पीठ कोणत्या गिरणींत दळलें, तेल कोठें गाळलें, बिस्किट कोणत्या भट्टींत भाजलें, हें त्याला ठाऊक नसतें. तरीहि तो तें निःशंकपणें घरीं आणतो आणि मुलांच्या हातावर ठेवतो. या विश्वासाला आधार म्हणून जो एक छापील कागद त्या अन्नाबरोबर येतो, त्याला आपण लेबल म्हणतों. आजच्या भाषणांत या कागदाची हकीकत सांगण्याचा माझा विचार आहे. इतिहास म्हटला कीं राजे आणि लढाया डोळ्यांपुढें येतात. परंतु स्वयंपाकघरांतल्या फळीवरच्या डब्यालाहि इतिहास असतो, आणि तो समजला तर तो डबा विकत घ्यावा कीं घेऊं नये, हें ठरविणें पुष्कळ सोपें जातें.

आपल्या कोल्हापुरापासूनच आरंभ करूं. गंगावेशींतल्या दूधकट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धार काढली जाते आणि गिऱ्हाईक तें धारोष्ण दूध तेथेंच उभ्या उभ्या पितें. या दुधाला लेबल नाहीं, आणि कोणी तें मागतहि नाहीं. कारण डोळ्यांनीं पाहिलेल्या गोष्टीला लेखी पुरावा लागत नाहीं. गुळाचेंहि पूर्वी असेंच होतें. पंचगंगेच्या कांठच्या गांवांत गुऱ्हाळ लागलें म्हणजे काहिलीभोंवतीं माणसें जमत. ऊस कोणाच्या मळ्यांतला, भेंडीचा चीक घालून मळी कशी काढली, गुळव्याचा हात कसा आहे, हें सर्वांच्या देखत घडे. अशा ठिकाणीं करणाऱ्याचें नांव हेंच लेबल होतें.

पुढें १८९१ सालीं मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला. १८९५ सालीं शाहू महाराजांनीं शाहूपुरीची पेठ वसविली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काचें ठिकाण मिळालें. गुळाचा रवा आगगाडींत चढून दूरदेशीं जाऊं लागला. त्यामुळें शेतकऱ्याच्या हातीं पैसा आला, शहर वाढलें, हें सर्व खरें. पण त्याच आगगाडीनें करणारा आणि खाणारा यांची जुनी ओळख तोडली. मुंबई-गुजरातेंतल्या गिऱ्हाइकाला गुऱ्हाळ दिसत नव्हतें. त्याला दिसत होता तो गुळाचा रंग. पिवळाधमक गूळ तो चांगला, अशी समजूत बाजारांत रुजली, आणि ज्या रंगाला भाव येतो तो रंग रसायनानें आणण्याचा मोहहि तिच्यामागून आला. गूळ पिवळा दिसावा म्हणून काहिलींत 'हायड्रॉस' घालण्याची जी खोड पुढें जडली, तिचें मूळ गुऱ्हाळवाल्याच्या दुष्टपणांत शोधण्यापेक्षां गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत शोधावें. ओळख संपते तेथें बाह्य खूण सुरू होते, आणि खुणेला मोल आलें कीं तिची नक्कलहि होऊं लागते.

हा लोभ कांहीं नवा नव्हे. धान्य, तेल, मीठ यांत हलका माल मिसळणाऱ्याला दंड करावा, असें कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सांगितलें आहे. युरोपांतहि हाच प्रकार होता. १८२० सालीं फ्रेडरिक ॲक्युम नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें लंडनमध्यें अन्नांतील भेसळीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पाव, चहा, मिरी, मिठाई यांतून लोकांच्या पोटांत काय काय जातें, तें उघडें केलें. तरी इंग्लंडांत या बाबतींत भक्कम कायदा होण्यास १८७५ साल उजाडावें लागलें.

आपल्या देशांत या प्रश्नाला तोंड फुटलें तें तुपावरून. १९१७ सालीं कलकत्त्याच्या बाजारांतल्या तुपांत जनावरांची चरबी मिसळली जात असल्याचें उघडकीस आलें आणि शहरांत मोठा क्षोभ झाला. हुगळीच्या कांठीं शेंकडों ब्राह्मणांनीं प्रायश्चित्तें घेतलीं. व्यापाऱ्यांच्या पंचायती बसल्या. या प्रकरणानंतर १९१९ सालीं बंगालचा अन्नभेसळीचा कायदा झाला. मुंबई इलाख्यानें भेसळ प्रतिबंधाचा कायदा केला तो १९२५ सालीं. कोल्हापूर त्या वेळीं संस्थान होतें. मुंबईच्या कायदेमंडळाचा कायदा येथें आपोआप लागू होत नसे. म्हणजे एकच तुपाचा डबा बेळगांवांत एका कायद्याखालीं येई आणि सरहद्द ओलांडून कोल्हापुरांत आला कीं त्या कायद्याच्या कक्षेबाहेर जाई. १ मार्च १९४९ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, तेव्हां हा भेद मिटला.

दरम्यान १९३७ सालीं दोन गोष्टी घडल्या, आणि दोहोंचा आपल्या विषयाशीं निकटचा संबंध आहे. पहिली गोष्ट म्हणजे शेतमालाची प्रतवारी व खूण यांचा कायदा. त्यांतूनच 'ॲगमार्क' ही छाप निघाली. आतांपर्यंतचे कायदे भेसळ करणाऱ्याला शासन करणारे होते. या कायद्यानें चांगला माल करणाऱ्याला आपला चांगुलपणा दाखविण्याची सोय दिली. मालाची परीक्षा व्हावी, त्याची प्रत ठरावी आणि ती प्रत छापेच्या रूपानें दूरच्या गिऱ्हाइकाला कळावी, अशी ही योजना. ती बव्हंशीं ऐच्छिक होती. तूप, तेल, मसाले अशा मालावर ही छाप आपण आजहि पाहतों.

दुसरी गोष्ट म्हणजे 'डालडा'. वनस्पति तुपाचा हा पिवळा डबा, त्यावरील ताडाच्या झाडासह, १९३७ सालीं बाजारांत आला आणि पाहतां पाहतां मध्यमवर्गाच्या घरांत शिरला. तेलावर हायड्रोजन वायूची क्रिया केली म्हणजे तें गोठतें आणि तुपासारखें रवाळ दिसतें. वनस्पति म्हणून तें विकलें तर तो व्यापार. पण लबाड दुकानदार तेंच साजुक तुपांत मिसळूं लागला म्हणजे तें ओळखावें कसें? महात्मा गांधींनीं 'हरिजन' पत्रांतून या पदार्थाविरुद्ध लिहिलें. त्यावर बंदी घालावी अशी मागणी स्वातंत्र्यानंतर संसदेपर्यंत पोंचली. बंदी झाली नाहीं. मात्र एक युक्ति योजण्यांत आली. वनस्पतींत किमान ५ टक्के तिळाचें तेल मिसळलेंच पाहिजे, असा नियम झाला. तिळाच्या तेलाचा एक गुण असा कीं विशिष्ट आम्लाबरोबर थोडी साखर घालून तें हालविलें असतां गुलाबी रंग येतो. तुपाच्या नमुन्याला हा रंग आला कीं त्यांत वनस्पति आहे, हें परीक्षकानें ओळखावें. डब्यावरचा कागद फाडतां येतो, परंतु डब्याच्या आंत मिसळलेली खूण फाडतां येत नाहीं. न पुसतां येणारें असें हें लेबलच होतें.

याच काळांतलें दुधाचें उदाहरण अधिक बोधप्रद आहे. दुधांत पाणी घालणें हा भेसळीचा सर्वांत जुना आणि सर्वांत परिचित प्रकार. १९४६ च्या सुमारास मुंबईंत दारा खुरोडी यांनीं म्हशीच्या दाट दुधांत पाणी व मलई काढलेल्या दुधाची भुकटी विशिष्ट प्रमाणांत घालून 'टोन्ड' दूध तयार केलें. त्यामुळें थोड्या दुधांत पुष्कळ मुलांची सोय झाली आणि किंमतहि उतरली. गवळ्यानें चोरून पाणी घातलें तर तो अपराध; तेंच पाणी मोजून घातलें, उरलेले घटक भरून काढले आणि पिशवीवर तसें लिहिलें, तर तें समाजोपयोगी काम. या दोहोंत अंतर पाडणारी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे खरें सांगणारें लेबल. आज दुधाच्या पिशवीवर स्निग्धांशाचा आंकडा असतो. टोन्ड दुधांत तो ३ टक्के आणि फुल क्रीम दुधांत ६ टक्के असावा लागतो. कोल्हापूरकराला दाट दुधाचा अभिमान आहे. परंतु ज्या घरीं हृदयविकाराचा रोगी आहे, त्या घरानें पिशवीचा रंग पाहून न थांबतां हा आंकडा पाहावा.

राज्यघटनेनें अन्नांतील भेसळ हा विषय केंद्र व राज्य या दोघांच्याहि अधिकारांत ठेवला, आणि १९५४ सालीं सबंध देशासाठीं एकच अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. तो १ जून १९५५ पासून अंमलांत आला. पुढें त्याची जागा २००६ सालच्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यानें घेतली. या शतकाच्या आरंभीं शाकाहारी पदार्थासाठीं चौकटींतला हिरवा ठिपका आणि मांसाहारी पदार्थासाठीं तपकिरी ठिपका सक्तीचा झाला. पुढें तपकिरी ठिपक्याची जागा तपकिरी त्रिकोणाला देण्यांत आली. १९१७ सालीं हुगळीच्या कांठीं प्रायश्चित्त घेणाऱ्यांची जी शंका होती, तिचेंच उत्तर हा ठिपका देतो. लेबलावरची जवळजवळ प्रत्येक ओळ अशी कोणाच्या तरी फसवणुकीची किंवा दुखण्याची आठवण आहे.

आतां या इतिहासांतल्या मुख्य वळणाकडे येतों. येथपर्यंत सर्व कायदे, सर्व छापा आणि सर्व चळवळी एकच प्रश्न विचारीत होत्या: 'हें शुद्ध आहे काय?' तुपांत चरबी नसावी, दुधांत पाणी नसावें, मिरींत पपईच्या बिया नसाव्या. हा प्रश्न योग्यच होता. परंतु तो पुरेसा नव्हता, हें वनस्पतीच्याच उदाहरणानें सिद्ध झालें. तेल अर्धवट गोठविण्याच्या क्रियेंत 'ट्रान्स फॅट' नांवाचा स्निग्ध घटक तयार होतो आणि तो रक्तवाहिन्यांना व हृदयाला घातक आहे, हें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत संशोधकांच्या ध्यानीं आलें. म्हणजे ज्या डब्यांत कसलीहि भेसळ नव्हती, जो कायद्याप्रमाणें पूर्ण शुद्ध होता, तोच डबा प्रकृतीला अपायकारक होता. गुलाबी रंगाची परीक्षा तुपांतली लबाडी सांगूं शकत होती. वनस्पति खाणाऱ्याच्या हृदयाचें काय होईल, हें ती सांगूं शकत नव्हती. आपल्या देशांत तेलें व चरबी यांतील ट्रान्स फॅटची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के करण्यांत आली. डालडा बाजारांत आल्यापासून तोंपर्यंत पाऊणशेहून अधिक वर्षें लोटलीं होतीं.

आजचा दुसरा प्रश्न आहे, 'हें किती आहे?' साखर किती, मीठ किती, स्निग्ध पदार्थ किती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्यानें झालेली व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते कीं देशांत सुमारें १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. हे लोक भेसळीचे बळी नव्हेत. शुद्ध साखर, शुद्ध तेल आणि शुद्ध मीठ यांचें प्रमाण चुकणें, हें त्यांच्या दुखण्याचें एक मोठें कारण आहे. लेबलाच्या मागच्या बाजूस जो पोषणाचा तक्ता असतो, तो या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं आहे. २०११ सालच्या नियमांत तो होता. २०२० सालच्या नियमांनीं त्यांत वरून घातलेल्या साखरेचा आंकडाहि वेगळा दाखविण्यास लावलें. दुर्दैवानें आपण अजूनहि पहिलाच प्रश्न मनांत धरून पाकिटाची पुढची बाजू वाचतों आणि समाधान पावतों.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथें एक जुना धडा उपयोगी पडेल. राजवाड्यांनीं आपल्याला शिकविलें कीं बखर वाचावी, पण विश्वास ठेवावा तो अस्सल कागदांवर. पाकिटाची पुढची बाजू ही बखर आहे. तींत 'आरोग्यदायी', 'घरगुती चवीचें', 'गव्हाचें पौष्टिक' अशी स्तुति असते. बखर सर्वस्वीं खोटी नसते. परंतु ती धन्याच्या गौरवासाठीं लिहिलेली असते. मागची बाजू हें दप्तर आहे. तेथें अक्षर बारीक, भाषा रुक्ष, पण मजकूर कायद्यानें मागितलेला. म्हणून पाकीट हातांत घेतलें कीं प्रथम तें उलटें करावें.

दप्तर उघडल्यावर तीन ठिकाणें पाहावीं. पहिलें, घटकांची यादी. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमानें देण्याचा नियम आहे. जें सर्वांत अधिक, तें सर्वांत आधीं. गव्हाच्या बिस्किटांच्या यादींत पहिलें नांव मैद्याचें आणि दुसरें साखरेचें असेल, तर पुढच्या बाजूवरच्या कणसाच्या चित्राला किती महत्त्व द्यावें तें आपणच ठरवावें. साखर तेथें अनेक नांवांनीं वावरते. ग्लुकोज, फ्रुक्टोज, माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, मध, गूळ हीं तिचीं भावंडेंच होत.

दुसरें ठिकाण म्हणजे आंकडे कोणत्या मापाचे आहेत तें. कोठें १०० ग्रॅमांचे असतात, कोठें एका वाढणीचे. ही वाढणी कारखान्यानें ठरविलेली असते. ती आपल्या घरची वाटी नव्हे. दोन पाकिटांची तुलना करावयाची तर १०० ग्रॅमांचे आंकडेच शेजारीं मांडावे.

तिसरें ठिकाण सोडियमचें, आणि येथें थोडें अंकगणित लागतें. लेबलावर मीठ असें लिहिलेलें नसतें, सोडियम लिहिलेलें असतें. सोडियमला अडीचनें गुणलें कीं मिठाचा आंकडा मिळतो. समजा, फरसाणाच्या १०० ग्रॅमांत ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे. म्हणजे २,००० मिलिग्रॅम, अर्थात् २ ग्रॅम मीठ. चहाबरोबर आपण ५० ग्रॅम फरसाण खाल्लें तर १ ग्रॅम मीठ पोटांत गेलें. मोठ्या माणसानें दिवसांत सुमारें ५ ग्रॅमांहून अधिक मीठ खाऊं नये, असें तज्ज्ञ सांगतात. म्हणजे एका बशींत दिवसाच्या मिठाचा पांचवा हिस्सा संपला, आणि अजून आमटी, भाजी, लोणचें, पापड हीं ताटांत यावयाचींच आहेत. चौथींतल्या मुलाला जमेल असा हा हिशेब आहे. तो केल्याशिवाय मात्र कळत नाहीं.

आतां पुन्हां आपल्या गुळाकडे वळूं. २०१४ सालीं 'कोल्हापुरी गूळ' या नांवाला भौगोलिक निर्देशांकाचें संरक्षण मिळालें. दुसऱ्या प्रांतांतला गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जाऊं नये, यासाठीं ही छाप आहे, आणि ती आपल्या शेतकऱ्याच्या न्याय्य हक्काची आहे. परंतु ही छाप गूळ कोठला तें सांगते. किती खावा तें सांगत नाहीं. गुळांत बहुतांश भाग साखरेचाच असतो. रसायनाविना केलेला, तांबूस, अस्सल कोल्हापुरी गूळ मधुमेही मनुष्यानें मनसोक्त खाल्ला, तर गुळाची शुद्धता त्याच्या रक्तांतली साखर उतरविणार नाहीं. 'साखरेऐवजीं गूळ वापरलेली' असें अभिमानानें लिहिलेलें वडीचें पाकीटहि उलटें करूनच पाहावें. आपल्या गांवच्या मालाबद्दल असें बोलणें कोणाला रुचणार नाहीं. पण आपला गूळ चांगला आहे, हें सांगण्यासाठीं तो औषध आहे असें सांगण्याची जरूर नाहीं.

या कागदांत उणिवा नाहींत असें मात्र कोणी समजूं नये. लेबलाचा मजकूर इंग्रजींत किंवा देवनागरी हिंदींत असला म्हणजे कायद्याची पूर्तता होते. मराठी मजकूर ऐच्छिक आहे. ज्या गृहिणीच्या हातीं घराचें स्वयंपाकघर आहे, तिला तिच्याच भाषेंत हा मजकूर बहुधा मिळत नाहीं. अक्षर इतकें बारीक असतें कीं माझ्या वयाच्या माणसाला भिंगाशिवाय तें लागत नाहीं. वैद्यांनीं पथ्य सांगितलेलीं वृद्ध माणसें, म्हणजे ज्यांना हा कागद सर्वांत अधिक हवा, त्यांनाच तो वाचतां येत नाहीं. चिली देशानें २०१६ सालीं यावर एक उपाय अंमलांत आणला. साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक ठराविक प्रमाणाबाहेर असतील, तर पाकिटाच्या पुढच्याच बाजूस काळा अष्टकोन छापावा लागतो. बखरींतच दप्तराचा शिक्का मारावा, तसा हा प्रकार. आपल्याकडे २०२२ सालीं तारे देऊन पदार्थाची प्रत दाखविण्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. तारे म्हणजे शाबासकी, इशारा नव्हे, असा आक्षेप त्यावर आरोग्यतज्ज्ञांनीं घेतला. २०२५ सालीं हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढेंहि आला. तुपाचा प्रश्न जसा वर्षानुवर्षें चालला, तसाच हाहि चालत आहे, आणि त्याचा निकाल बहुतांशीं गिऱ्हाईक काय मागतें, यावर अवलंबून राहील.

आणखी एक गोष्ट. मिसळीची थाळी, बेकरींतली खारी, कोपऱ्यावरची भजीं यांना लेबल नसतें, आणि आपल्या मिठाचा व तेलाचा मोठा वांटा तेथूनच येतो. परंतु पाकिटावरचे आंकडे वाचण्याची संवय ज्याला लागली, त्याच्या नजरेला हळूहळू बिनलेबलाच्या ताटाचाहि अंदाज येऊं लागतो. खारीचा एक पदर सोलला कीं बोटाला काय लागतें, हें त्याला पूर्वीहि दिसत होतें. आतां त्याचा अर्थ कळतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं भारतीयांसाठीं आहाराचीं १७ सूत्रें प्रसिद्ध केलीं. अन्नावरील लेबल वाचून निवड करावी, हें त्यांपैकीं एक आहे. हें सूत्र पाळण्यास पैसा लागत नाहीं. माझी सूचना इतकीच कीं महिन्याचें वाणसामान घरीं आलें म्हणजे डबे भरण्यापूर्वीं अर्धा तास काढावा. नातवानें बारीक अक्षर वाचावें, आजीनें ऐकावें, आणि सोडियमचा गुणाकार दोघांनीं मिळून करावा. ज्या पाकिटाचा हिशेब घराला पटणार नाहीं, तें पुढच्या महिन्याच्या यादींतून वगळावें. शाहूपुरीच्या पेठेंत गिऱ्हाइकाच्या आवडीनें गुळाचा रंग बदलला होता. तीच आवड विचारपूर्वक वापरली, तर फळीवरच्या डब्यांतला मालहि बदलल्याशिवाय राहणार नाहीं.